भारत भूतानला देतो तो पैसा जातो कुठे, आणि त्यातला परत किती येतो?

आपण विचारले आहे की, भारत सरकार साठ वर्षांहून अधिक काळ भूतानला पैसा देत आहे, तरीही तो देश अजून स्वतःच्या पायांवर उभा का नाही. हा पैसा नेमका जातो कुठे. आणि तोच आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांवर का खर्च करू नये. प्रश्न रास्त आहे, आणि कर भरणाऱ्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. माझ्या नोकरीचा मोठा काळ परदेशी साहाय्यावर चालणाऱ्या प्रकल्पांच्या लेखा विभागात गेला, त्यातला बराचसा भूतानमध्ये. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे. धोरण ठरवणाऱ्यांच्या बैठकीत मी कधी बसलो नाही. माझ्या टेबलावर येत ती त्या निर्णयांची देयके, उपयोगिता प्रमाणपत्रे (दिलेला पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) आणि सुधारित अंदाजपत्रके. साहाय्याचा खरा स्वभाव या कागदांतच कळतो, असे माझे मत आहे.

आपल्या प्रश्नात तीन वेगळे व्यवहार ‘मदत’ या एकाच शब्दाखाली आले आहेत. पहिला व्यवहार अनुदानाचा; हा पैसा परत येत नाही आणि यायचाही नसतो. दुसरा कर्जाचा, तो व्याजासह परत येतो. तिसरा खरेदीचा, आपण भूतानची वीज विकत घेतो आणि तिची किंमत मोजतो. वर्तमानपत्रात या तिन्हींची बेरीज होऊन एक मोठा आकडा छापला जातो आणि त्यावरून कोणी दानशूरपणाचे कौतुक करतो, तर कोणी उधळपट्टीची तक्रार करतो. मला विचाराल तर, किती कोटी दिले यापेक्षा त्यातले अनुदान किती, कर्ज किती, व्याज किती आणि तयार होणारी वस्तू कोण, कोणत्या दराने घेणार, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

दुष्काळी तालुक्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मनाला लागणारा आहे. केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत, म्हणजे त्या मंत्रालयाच्या खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमेत, भूतानसाठी २,१५० कोटी रुपयांची तरतूद होती. परदेशांना दिल्या जाणाऱ्या साहाय्यात हा सर्वांत मोठा हिस्सा होता. त्याच वर्षाचा केंद्राचा एकूण खर्च पन्नास लाख कोटींच्या घरात होता. म्हणजे सरकारने खर्चलेल्या शंभर रुपयांपैकी भूतानकडे जातात ते सुमारे चार पैसे, आणि या चार पैशांतही कर्जाचा भाग असतो. मराठवाड्यातील पाण्याचा प्रश्न या रकमेअभावी अडलेला नाही. मात्र रक्कम लहान आहे म्हणून ती योग्य ठरते, असेही मी म्हणणार नाही. साडेसात लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात दोन हजार कोटी रुपये दरवर्षी उतरतात तेव्हा ते त्या देशाची दिशा ठरवू शकतात, म्हणून देणाऱ्याच्या बाजूने लहान वाटणारा हा आकडा घेणाऱ्याच्या बाजूने फार मोठा असतो, आणि जबाबदारी तिथून सुरू होते.

आता ‘अजून पायांवर उभा का नाही’ याकडे येतो. सुरुवात कुठून झाली ते ध्यानात घ्यावे लागेल. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा पारोपर्यंत मोटाररस्ता नव्हता. ते नथू ला खिंड ओलांडून, तिबेटमधल्या चुंबी खोऱ्यातून घोड्यांवरून आणि पायी गेले. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा आणि दुसऱ्या योजनेचाही सगळा खर्च भारताने उचलला. त्याच वर्षी सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प उभा राहिला आणि सीमेवरच्या फुंटशोलिंगपासून थिम्फूपर्यंतचा रस्ता खोदला गेला. त्याआधी सपाटीवरून राजधानीकडे जायचे म्हणजे खेचरांच्या वाटेने कित्येक दिवस चालणे होते. अलीकडच्या बाराव्या योजनेत, म्हणजे २०१८ ते २०२३ या काळात, भारताने ४,५०० कोटी रुपये दिले. भूतानच्या एकूण योजनाखर्चात हा वाटा साधारण सातव्या हिश्श्याचा होता. तेराव्या योजनेसाठी, २०२४ ते २०२९ या काळाकरिता, भारताने १०,००० कोटी कबूल केले असून तो वाटा पाचव्या हिश्श्याच्या जवळ जातो. डिसेंबर २०२३ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांच्या अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. पूर्ण योजनाखर्चापासून पाचव्या-सातव्या हिश्श्यापर्यंत खाली येणे याला मी तरी अपयश म्हणणार नाही.

यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती बाहेर फारशी बोलली जात नाही. भूतानने २००८ मध्ये स्वीकारलेल्या संविधानात असे कलम आहे की, सरकारचा आवर्ती खर्च, म्हणजे पगार, औषधे, शाळांचा रोजचा खर्च, कार्यालये चालवणे, हे सारे देशाच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवले पाहिजे. बाहेरचा पैसा इमारती, रस्ते, पूल, यंत्रे अशा भांडवली कामांसाठी. अनेक लहान देशांत परदेशी साहाय्य आटले की शिक्षकांचे पगार थांबतात, दवाखाने रिकामे पडतात. भूतानने ही दुर्दशा स्वतःवर येऊ नये म्हणून नियमच घालून घेतला, आणि तो बऱ्याच शिस्तीने पाळला. त्यांच्या वित्त मंत्रालयातले अधिकारी नव्या दवाखान्याचा प्रस्ताव आला की इमारत किती मोठी असे विचारण्याआधी, ‘परिचारिका किती लागतील, त्यांचा पगार पाच वर्षांनी किती होईल’ असे विचारत. देणगीदार देशाचे प्रतिनिधी घाईत असत आणि त्यांना हा प्रश्न अडथळ्यासारखा वाटे. मी त्या टेबलावर बसून शिकलो ते हेच की, हा प्रश्न विचारणारे कार्यालय ज्या देशात आहे तिथे दिलेला पैसा वाया जाण्याची शक्यता खूप कमी होते.

बाराव्या योजनेतल्या ४,५०० कोटींची विभागणी पाहिली तर पैसा कसा उतरतो ते कळेल. त्यातले २,८०० कोटी मोठ्या, नावानिशी ठरलेल्या प्रकल्पांसाठी होते. ८५० कोटी लहान विकास प्रकल्पांसाठी आणि ८५० कोटी सरळ अर्थसंकल्पाला साहाय्य म्हणून. मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक काम दोन्ही सरकारांनी मंजूर केलेले असते आणि पैसा हप्त्यांनी सुटतो. आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. अर्थसंकल्पी साहाय्यात भूतानला सर्वाधिक मोकळीक असते. लहान प्रकल्पांचे काम मात्र मी जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे.

भूतानमध्ये २० जिल्हे आणि २०५ गेवोग आहेत. गेवोग म्हणजे काही वाड्यांचा मिळून झालेला घटक, आणि ‘गुप’ हा त्याचा निवडून आलेला प्रमुख. लहान प्रकल्पांतून शेतरस्ता, पाण्याचा पाट, पिण्याच्या पाण्याची योजना, शाळेची खोली अशी कामे निघतात, आणि मागणी गेवोगकडून वर जाते. अशाच एका गेवोगमधील पाटाच्या कामाची मोजमाप पुस्तिका तपासायला मी डोंगरावर गेलो होतो. मूळ अंदाजपत्रकात उघडा, सिमेंटने बांधलेला पाट होता. गुप आणि त्याच्याबरोबरच्या शेतकऱ्यांनी मला एक उतार दाखवला. तिथे दर पावसाळ्यात दरड येते आणि बांधलेला पाट दगडमातीने भरतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी तेवढ्या टप्प्यात पाटाऐवजी जाड प्लास्टिकचा नळ जमिनीत पुरून न्यावा, असे सुचवले होते. अभियंत्याने ते मान्य करून सुधारित अंदाजपत्रक पाठवले, त्यात खर्च थोडा वाढला होता, आणि कागदावर पाहणाऱ्याला ती वाढ संशयास्पद दिसत होती. जागेवर गेल्याशिवाय ती मला मान्य करता आली नसती. गावाने आपल्याकडच्या पाणीवापर संस्थेसारखा एक गट केला होता. त्यात पाळीपाळीने प्रत्येक घरातला माणूस गाळ काढायला जाणार होता, आणि न येणाऱ्या घराला दंड ठरला होता. दंडाची वही मला दाखवण्यात त्यांना अभिमान वाटत होता. माझ्या दृष्टीने त्या संपूर्ण फायलीतला सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे ती वही होती, कारण पाट बांधायला पैसा भारताचा असला तरी तो वाहता ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या वहीत लिहिलेले होते.

आता जलविद्युत प्रकल्पांकडे वळतो. भारत-भूतान व्यवहाराचा कणा तिथे आहे आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तरही तिथेच सापडते.

वांगछू नदीवरचा चुखा प्रकल्प हा पहिला मोठा प्रकल्प. त्याचा करार १९७४ मध्ये झाला आणि १९८६ ते १९८८ या काळात त्याचे ८४ मेगावॉटचे चार संच सुरू होऊन क्षमता ३३६ मेगावॉट झाली. खर्चाचे ६० टक्के भारताने अनुदान म्हणून दिले आणि ४० टक्के कमी व्याजाचे कर्ज म्हणून. भूतानची स्वतःची गरज भागून उरलेली वीज भारताने घ्यायची, असे ठरले होते. या रचनेचा परिणाम असा झाला की, प्रकल्पाच्या डोक्यावर कर्ज हलके राहिले, वीज स्वस्त पडली, घेणाऱ्याला ती परवडली आणि विकणाऱ्या देशाच्या तिजोरीत पहिल्यापासून नक्त उत्पन्न पडू लागले. विजेचा दरही भूतानने टप्प्याटप्प्याने वाढवून घेतला. २०१७ मध्ये तो युनिटमागे २.२५ रुपयांवरून २.५५ रुपये झाला. भूतानमधील मोफत शिक्षण आणि मोफत आरोग्यसेवा यांच्यामागे या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. त्याच नदीवर खालच्या अंगाला ताला प्रकल्प झाला, १,०२० मेगावॉटचा, २००६-०७ मध्ये सुरू झालेला. त्यातही अनुदान आणि कर्ज यांचे प्रमाण ६०:४० होते. पूर्वेकडच्या ६० मेगावॉटच्या कुरिछूलाही हेच प्रमाण लागू झाले.

यानंतर प्रमाण बदलले. पुनात्सांगछू-१, १,२०० मेगावॉटचा प्रकल्प, याला ४० टक्के अनुदान आणि ६० टक्के कर्ज. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछू यांना ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. व्याजाचा दर १० टक्के. तिन्ही प्रकल्प अजूनही ‘भारताच्या साहाय्याने उभारलेले’ या एकाच मथळ्याखाली येतात, परंतु हिशेब ठेवणाऱ्याच्या दृष्टीने चुखा आणि हे प्रकल्प एका जातीचे नाहीत. चुखा हे मुख्यतः अनुदान होते आणि त्याला कर्जाची जोड होती. नंतरचे प्रकल्प मुख्यतः कर्ज आहेत आणि त्यांना अनुदानाची जोड आहे.

हा फरक काम वेळेत झाले तर फारसा टोचत नाही. मांगदेछूचे उदाहरण घ्या. ७२० मेगावॉटचा हा प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला, त्याचा सुरुवातीचा दर युनिटमागे ४.१२ रुपये ठरला, वीज विकली जाऊ लागली आणि कर्जाचे हप्ते फिटू लागले. चुखाच्या दराशी तुलना केली तर महाग, पण चालणारा व्यवहार. पुनात्सांगछू-१ मध्ये मात्र २०१३ च्या जुलैमध्ये धरणाच्या उजव्या तीरावरचा डोंगर सरकला. तो स्थिर करण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले आणि सुमारे ३,५०० कोटींचा मूळ अंदाज ९,००० कोटींच्या पलीकडे गेला. पुनात्सांगछू-२ मध्येही २०१६ साली भूमिगत भागात खडक कोसळला. तो प्रकल्प अखेर पुरा होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. हिमालय तरुण पर्वत आहे, त्याच्या पोटात काय निघेल हे खोदल्यावरच कळते, आणि असा विलंब कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. प्रश्न असा आहे की विलंबाचा भार कोणी सोसायचा. दहा टक्क्यांनी घेतलेले शंभर रुपये सरळ व्याजाने धरले तरी दहा वर्षांत दोनशे होतात, आणि या दहा वर्षांत एक युनिटही वीज तयार झालेली नसते. बांधकामाच्या काळातले हे व्याज प्रकल्पाच्या खर्चात मिळवले जाते, खर्च वाढला की विजेचा दर वाढतो, आणि दर वाढला की भारतीय बाजारात त्या विजेला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते, कारण दरम्यान आपल्याकडे सौर वीज स्वस्त झालेली असते. अनुदानाचा वाटा ६० टक्के असता तर या दुष्टचक्राची धार बरीच कमी झाली असती.

भूतानचे सार्वजनिक कर्ज गेल्या दशकात सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या वर गेले होते. ते वाचून घाबरणारे पुष्कळ भेटतात. त्यातला मोठा हिस्सा या जलविद्युत प्रकल्पांचा आहे, तो रुपयांत आहे आणि वीज सुरू झाली की तिच्या विक्रीतून फिटण्यासारखा आहे. म्हणून मी त्याकडे उधळपट्टीचे कर्ज म्हणून पाहत नाही. पण ‘वीज सुरू झाली की’ या अटीत किती वजन आहे, ते पुनात्सांगछू-१ ने दाखवून दिले आहे.

इथे थोडे थांबून आतापर्यंतचे एका ठिकाणी मांडतो. अनुदानाचा पैसा रस्ते, शाळा, पाट यांत आणि काही अंशी जलविद्युत प्रकल्पांत जातो आणि भूतानचा रोजचा खर्च त्यावर अवलंबून नाही. कर्जाचा पैसा मुख्यतः जलविद्युत प्रकल्पांत जातो आणि तो व्याजासह भारताकडे परततो. याखेरीज खर्च होतानाही त्यातला बराच पैसा भारतात येतो. सिमेंट, पोलाद, यंत्रे, ठेकेदार आणि मजूर हे मुख्यतः भारतातूनच जातात.

या शेवटच्या बाबीने भूतानला २०१२ मध्ये अडचणीत आणले होते. भूतानचे न्गुल्त्रुम हे चलन १९७४ पासून रुपयाशी एकास एक बांधलेले आहे. प्रकल्पांची बांधकामे जोरात असताना भारतातून होणारी आयात फुगली, लोकांच्या हाती पैसा आला, घरे आणि मोटारी घेतल्या गेल्या, आणि तो सगळा माल रुपयांतच येत होता. भूतानच्या मध्यवर्ती बँकेकडचा रुपया आटला. भारतीय बँकांकडून घेतलेली महागडी उचल फेडण्यासाठी त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये आपल्या गंगाजळीतले २० कोटी डॉलर विकून रुपये घेतले, तरीही पुढच्या वर्षी रुपयांच्या वाटपावर कडक निर्बंध घालावे लागले. साहाय्य येत असतानाच साहाय्य देणाऱ्या देशाच्या चलनाची टंचाई होते, हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु मोठा बांधकामखर्च लहान अर्थव्यवस्थेत ओतला की असे घडते, आणि त्याची तजवीज प्रकल्पाच्या कराराबरोबरच करायला हवी, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

आता एका अवघड मुद्द्याबद्दल. भारत हे सगळे केवळ शेजारधर्म म्हणून करत नाही. भूतानच्या उत्तरेला चीन आहे, ईशान्य भारताला उरलेल्या देशाशी जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा जवळ आहे, आणि २०१७ मध्ये डोकलाममध्ये भारत आणि चीनचे सैनिक समोरासमोर आले होते, ते आपल्याला आठवत असेल. सुरक्षेचा हेतू आहे आणि तो उघडपणे मान्य करावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु हेतू असला की देणाऱ्याच्या प्रत्येक कृतीकडे घेणारा त्याच नजरेने पाहतो. जुलै २०१३ मध्ये भूतानमधील स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि केरोसीनवरची भारताची सवलत बंद झाली. कारण कागदोपत्री होते, आधीच्या योजनेची मुदत संपली होती. पण १३ जुलैला त्यांच्या संसदीय निवडणुकीचे मतदान होते, सिलिंडरची किंमत एकदम चढली आणि भूतानमधील अनेकांनी तो दबाव समजला. सवलत १ ऑगस्टपासून पूर्ववत झाली, तरी ती आठवण राहिली. मुदतीची तारीख आणि निवडणुकीची तारीख शेजारी ठेवून पाहणे हे कोणत्या तरी टेबलावरचे काम होते, आणि ते व्हायला हवे होते. लहान देशाला दिलेल्या साहाय्यात तारखांनाही रकमेइतकेच महत्त्व असते.

एकाच दात्यावर अवलंबून राहण्याचा धोका करोनाच्या साथीत आणखी स्पष्ट झाला. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशील्डच्या दीड लाख मात्रा मुंबईहून विमानाने पारोला पोहोचल्या. भारताने परदेशी पाठवलेल्या पहिल्या मात्रांत त्या होत्या. मार्चमध्ये आणखी चार लाख गेल्या. भूतानने २७ मार्चला मोहीम सुरू करून दोन आठवड्यांच्या आसपास पात्र प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पहिली मात्रा दिली. हे त्यांच्या आरोग्यसेवकांचे मोठे कर्तृत्व होते. त्यानंतर आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली आणि दुसऱ्या मात्रेसाठी भूतानला अमेरिका, डेन्मार्क आणि इतर देशांकडे जावे लागले; जुलैमध्ये ती मोहीमही त्यांनी पार पाडली. आपल्या लोकांचे प्राण जात असताना भारताने निर्यात थांबवली, यात मला दोष दिसत नाही. परंतु घेणाऱ्या देशाने दुसरी दारे उघडी ठेवलेली असली पाहिजेत, हे त्यातून निर्विवाद ठरले. भूतानने ती ठेवली होती; शेतीत जपान, इतर क्षेत्रांत डेन्मार्क, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया यांच्याशी त्यांचे संबंध जुने आहेत. भारतातील काहींना हे खटकते. मला ते भारताच्याही हिताचे वाटते, कारण सगळा भार आपल्याच खांद्यावर असेल तर आपल्या अडचणीच्या दिवशी शेजारीही अडचणीत येतो आणि रोष आपल्यावर येतो.

हे सर्व भूतानबद्दल झाले. दुसऱ्या लहान देशाला हेच माप लावता येईल का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. भूतानकडे बर्फाच्या आणि पावसाच्या पाण्याने भरलेल्या नद्या आहेत आणि शेजारी विजेची प्रचंड बाजारपेठ आहे. मालदीवसारख्या बेटांच्या देशाला हे दोन्ही नाही, तिथे पर्यटनातून येणारा डॉलर आणि समुद्रमार्गे येणारा माल यांचा हिशेब करावा लागतो. भूतानच्या बाबतीतही विजेने सर्व काही सुटलेले नाही. नदीच्या वाहत्या पाण्यावरचे हे प्रकल्प पावसाळ्यात भरपूर वीज देतात, पण हिवाळ्यात प्रवाह घटतो आणि भूतानला उलट भारतातून वीज घ्यावी लागते. वीजप्रकल्प चालवायला माणसे थोडी लागतात, त्यामुळे शिकलेल्या तरुणांना काम कुठून द्यायचे हा प्रश्न उरतो, आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांची रांग ही थिम्फूतल्या घराघरातली काळजी आहे. गावाचा पाट उत्तम वाहत असेल आणि शेत कसायला घरात तरुण माणूस नसेल, तर त्या पाटाचे उपयोगिता प्रमाणपत्र बरोबर असूनही अपुरे आहे.

सरकारी साहाय्याच्या जोडीला आता सरळ भागीदारीही आली आहे. मुंबईतील टाटा पॉवरचा १२६ मेगावॉटच्या दागाछू प्रकल्पात २६ टक्के वाटा आहे, आणि २०२४ मध्ये भूतानच्या सरकारी वीज कंपनीबरोबर तिने ५,००० मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पांसाठी करार केला. यात अनुदान नाही. नफ्याबरोबर जोखीमही दोघांनी वाटून घ्यायची आहे. मला हा बदल स्वागतार्ह वाटतो, कारण इथे विलंबाचा भार फक्त भूतानच्या कर्जखात्यावर साचत नाही. मात्र दुर्गम गेवोगमधील शेतरस्त्यात कोणतीही कंपनी भांडवल घालणार नाही, त्यामुळे अनुदानाची गरज संपली असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये.

आपल्याला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर दोन कागद पुरे आहेत. केंद्रीय अर्थसंकल्पातील परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत भूतानसमोरची रक्कम पाहा, आणि भूतानच्या वित्त मंत्रालयाच्या सार्वजनिक कर्जाच्या अहवालात जलविद्युत कर्ज आणि इतर कर्ज वेगवेगळे दिलेले असते ते पाहा. पहिल्या कागदातील अनुदान आणि कर्ज वेगळे काढले की आपल्या मूळ प्रश्नातली निम्मी शंका तिथेच मिटेल. राहिलेल्या निम्म्यासाठी पुनात्सांगछू-१ वर लक्ष ठेवावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी त्याच्या मुख्य धरणाचे काम पुन्हा सुरू करण्याचे मान्य केले आहे. त्या कामाच्या वाढीव खर्चात अनुदान किती टक्के आणि कर्ज किती टक्के असेल, साचलेल्या व्याजाचे काय होईल आणि तयार होणारी वीज भारत कोणत्या दराने घेईल, या तीन बाबी जाहीर होतील तेव्हा मी सर्वांत आधी त्याच वाचणार आहे.